शेऱ्याचा रकाना

मी चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात होतो, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्याला दुसरं काही कारण नाही. माणूस मूळचा वाईट नाही असं आमची बायकोसुद्धा कबूल करते. "वाईट नाहीत हो ते, नुसती फाइल आहेत," हे तिचे शब्द. पाहुण्यांसमोर म्हणते आणि वर मलाच चहाचे कप आत न्यायला लावते.

तर आमच्या चर्चच्या कमिटीची बैठक होती. पाळकसाहेबांनी विषय काढला, की आजूबाजूच्या चार गल्ल्यांत एवढी मुलं हुंदडत असतात, आपल्या कुंपणाच्या भिंतीवर चढून बसतात, पण आत कुणी येत नाही. येणार तरी कशी? आपण कधी बोलावलंय? आमच्या संडे स्कूलला मुलं होती पाच. त्यातली तीन ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंची नातवंडं. ती येतात असं म्हणणं बरोबर नाही, ती आणली जातात. उरलेली दोन झोपतात. पाळकसाहेब म्हणाले, दर शनिवारी दुपारी मुलांना बोलावू या. गोष्टी, गाणी, खेळ, थोडं मोठ्यानं वाचन, सरबत आणि बिस्किटं. मूल कुठल्या का घरातलं असेना, कुठल्या का धर्माचं असेना. त्यांच्या आईवडिलांशी ओळख होईल, अडीनडीला आपण उभे राहू.

सगळे टेबलाकडे बघू लागले. कामाची वाटणी होताना आमच्या कमिटीला टेबल फार आवडतं. मीही टेबलच बघत बसलो असतो, पण आमचे चिटणीस, जे दातांचे डॉक्टर आहेत, ते माझ्याकडे बघून म्हणाले, "हे जरा माणसांत मिसळणाऱ्या माणसाचं काम आहे. ऑफिसातल्या माणसाचं नाही." ज्या गृहस्थानं माझी धडधाकट दाढ उपटून किडकी जागच्या जागी ठेवली, त्यानं मला माणसांतलं सांगावं! मी ताडकन उठलो आणि म्हणालो, "मी करतो. महिन्याभरात तीस मुलं आणतो."

घरी येऊन मी आधी काय केलं? फॉर्म तयार केला. हसू नका. नळाचं कनेक्शन असो की मुलाचं गाणं, अर्जाशिवाय काम सुरू झालं की पुढं सगळा घोळ होतो, हा माझा चौतीस वर्षांचा अनुभव. पहिला मसुदा बारा प्रश्नांचा होता. तेवढ्यात शेजारचे निवृत्त मास्तर आले. हे गृहस्थ सल्ला द्यायला येतात तेव्हा चप्पल आमच्या दारात काढतात आणि चहा झाल्यावरही पायात घालत नाहीत. ते म्हणाले, "घरची परिस्थिती विचारल्याशिवाय मूल कळतच नाही." झालं. घरात माणसं किती, खोल्या किती, आजारपण, व्यसनं, वडील काय करतात, वडील सोबत आहेत, परगावी आहेत की घर सोडून गेले आहेत, असं करत करत आम्ही दोघांनी तो फॉर्म बेचाळीस प्रश्नांवर नेऊन ठेवला. शेवटी मी स्वतःच्या अकलेनं तळाला ठळक अक्षरात एक ओळ घातली : 'ही माहिती गुप्त राहील.'

बायकोनं तो हातात घेऊन वाचला. "मुलं खेळायला येणारेत की नळ मागायला?" एवढंच विचारलं आणि भाजी चिरायला गेली.

मग मी घरोघर निघालो. पहिल्याच घरात एका आजोबांनी मला ओळखलं. खात्यातला माणूस हातात कागद घेऊन दारात म्हटल्यावर त्यांनी "पाणी तोडायला आले, भरून घ्या!" अशी आरोळी ठोकली आणि सगळी गल्ली बादल्या, हंडे, पातेली भरायला धावली. मी ओरडून सांगतोय की मी निवृत्त झालोय, चर्चतर्फे आलोय, मुलांच्या गाण्यांसाठी आलोय. ऐकतंय कोण? दुसऱ्या गल्लीत एका बाईंनी मला गढूळ पाण्याची बाटलीच हातात दिली. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे पाण्याच्या अकरा तक्रारी जमा झाल्या आणि मुलं दोन. तक्रारी मी दुसऱ्या दिवशी जुन्या ऑफिसात नेऊन दिल्या, तर माझ्याच हाताखालच्या कारकुनानं मला सांगितलं, "विहित नमुन्यात आणा." तो नमुना मीच केलेला होता.

पण हळूहळू लोकांना कळलं. मुलांनीच घरी भुणभुण लावली असावी, सरबताची बातमी लवकर पसरते. फॉर्म यायला लागले. कुणी दहा प्रश्नांची उत्तरं लिहिली, कुणी बेचाळिसांचीही लिहिली. एकानं 'व्यसने' पुढं 'झोप' लिहिलं.

चर्चच्या मागच्या गल्लीत एक शिंपीणबाई राहतात. एकच खोली, दाराशी शिलाईचं मशीन, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले दुसऱ्यांचे कपडे. मला त्यांनी स्टूल दिलं, फॉर्म घेतला आणि सुवाच्य अक्षरात भरायला लागल्या. एकोणिसावा प्रश्न आला तशा थांबल्या. त्यांची दहा वर्षांची मुलगी शेजारी बसून बटणं निवडत होती. बाईंनी तिला दोऱ्याचं रीळ आणायला कोपऱ्यावर पिटाळलं. ती गेल्यावर मला विचारलं, "साहेब, हे कोण वाचणार?"

"मी आणि कपाट," मी म्हणालो. हे मी अगदी ऐटीत म्हणालो होतो, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

त्यांनी 'घर सोडून गेले' वर खूण केली आणि पुढं 'चार वर्षे' लिहिलं. म्हणाल्या, "गल्लीत सगळ्यांना सांगितलंय, जहाजावर नोकरी आहे म्हणून. तिलाही तेच सांगितलंय. फॉर्मवर खोटं लिहू नये म्हणून लिहिलं." मी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि पुढच्या दारात गेलो.

पहिल्या शनिवारी मुलं आली एकतीस! दातांचे डॉक्टर मुद्दाम मोजायला आले होते, त्यांनी दोनदा मोजली. पुढचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. एकतीस मुलं म्हणजे एकतीस अर्ज नव्हेत, ती हलतात. दोघं ऑर्गनच्या खाली शिरले. एकानं दानपेटीत बिस्कीट टाकलं. मी गोष्ट सांगायला उभा राहिलो आणि "सर्वप्रथम" म्हणालो, तर मागून कुणीतरी "आणि सरतेशेवटी!" असं ओरडलं, सगळी हसली, आणि गोष्ट तिथंच संपली. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

तेव्हा ती शिंपीणबाईंची मुलगी उठली. गळ्यात आईची जुनी मोजपट्टी घालून फिरायची, त्यामुळं सगळी मुलं तिला मोजपट्टीच म्हणत. तिनं टाळी वाजवली आणि आवाज दिला, "खांद्यानं लहान पुढं, खांद्यानं मोठे मागं!" दोन मिनिटांत रांग. कुणी मधे घुसलं की ही पट्टी लावून त्याचे खांदे मोजायची आणि "अकरा इंच, तू तिकडं" म्हणून हात धरून नेऊन उभं करायची. पुढच्या शनिवारपासून मी तिला विचारल्याशिवाय काही केलं नाही. गाणी पाळकसाहेबांनी घेतली, मी मोठ्यानं वाचायला शिकवलं. स्पष्ट उच्चार, शब्द गिळायचा नाही, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे, सगळ्यांनी एका सुरात. मुलं खरोखर छान वाचायला लागली. हेही लक्षात ठेवा, नाहीतर राहू द्या, आत्ता येईलच.

शाळा उघडायच्या आधी एका भल्या माणसानं चर्चला वीस नवी दप्तरं दिली. मुलं एकतीस, दप्तरं वीस. पाळकसाहेब म्हणाले, आणखी अकरा मिळेपर्यंत थांबू. किती साधं होतं! पण दातांचे डॉक्टर म्हणाले, "गरजूंना आधी देऊ. पण निवड पारदर्शक पाहिजे. नाहीतर लोक म्हणतील आपल्याच माणसांना वाटली." पारदर्शक हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगात चौतीस वर्षं संचारली. आमच्या खात्याचा नियमच होता, निवडीची यादी कारणांसह दर्शनी भागात लावायची. मी कपाट उघडलं, फॉर्म काढले आणि यादी केली. अनुक्रमांक, मुलाचं नाव, घराचा पत्ता, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात निवडीचं कारण. क्रमांक तीन, वडील मद्यपी. क्रमांक पाच, एका खोलीत नऊ माणसे. क्रमांक सात, वडील घर सोडून गेले (चार वर्षे).

खोटं कशाला सांगू, लिहिताना मला काहीच वाटलं नाही. समास सारखे आले होते. शेऱ्याचा रकाना थोडा अरुंद पडला म्हणून मी सगळी यादी पुन्हा नव्यानं लिहून काढली, म्हणजे दुसरी संधीही मिळाली होती मला. शुक्रवारी संध्याकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर ती लावली. या फळ्याला काच आहे आणि कुलूप आहे, कारण सूचनांना मिशा काढल्या जातात. राखणदारानं कुलूप लावलं, किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली आणि तो मुलीच्या बाळंतपणासाठी गावाला निघून गेला. मी चार पावलं मागं होऊन यादीकडे बघितलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

शनिवारी दुपारी मी बिस्किटांचे पुडे घेऊन येत होतो. लांबूनच मुलांचा आवाज आला. फळ्यापुढं रांग लावून, खांद्यानं लहान पुढं, सगळी मुलं मोठ्यानं वाचत होती. स्पष्ट उच्चार. शब्द गिळत नव्हती. एका सुरात. "क्रमांक पाच! एका खोलीत नऊ माणसे!" समोरच्या खिडक्यांत माणसं आली होती. मी धावलो. पुडे पडले. "क्रमांक सात!" आणि नाव, आणि पत्ता, आणि ते.

एका सुरातला एक आवाज कमी झाला. मोजपट्टी रांगेच्या शेवटी उभी होती. तिनं ते पुन्हा एकदा मनात वाचलं असावं, कारण तिचे ओठ हलले. मग तिनं माझी पडलेली बिस्किटं गोळा केली, पुडे माझ्या हातात दिले, धाकट्यांना सावलीत बसवलं आणि घरी गेली. मी तिथं पुडे छातीशी धरून उभा होतो आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

दहा मिनिटांत तिची आई आली. पायांना कापडाचे धागे चिकटलेले, मशीनवरून तशीच उठून आलेली. तिनं काचेतून यादी वाचली, मग माझ्याकडे वळली. "तुम्ही म्हणाला होता, तुम्ही आणि कपाट." आवाज चढवला नाही. "चार वर्षं जपलं मी तिला. आता घरी गेल्यावर काय सांगू?"

मी म्हणालो, "किल्ली गावाला गेलीये." खरंच म्हणालो. पन्नास वेळा आठवून बघितलं, मी हेच म्हणालो होतो.

पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. एवढंच म्हणाले, "आत्ता त्यांच्या घरी जा. माफी मागा. दुसरं काही करू नका." शहाण्या माणसाचं ऐकायला शहाणपण लागतं, ते माझ्यात नव्हतं. मला वाटलं, तोंडी माफीची नोंद कुठं होते? उद्या कुणी विचारलं तर? आधी यादी झाकू, मग व्यवस्थित कागद करू. मी घरून जुन्या कॅलेंडरचं डोंगराच्या चित्राचं पान आणलं आणि काचेवर चिकटवलं. परिणाम असा झाला, की ज्यांना फळ्याकडे बघायची सवयच नव्हती तेही थांबून विचारू लागले, डोंगर का लावलाय? कुणीतरी कोपरा उचलून बघितलं. संध्याकाळी डोंगर अर्धा उरला होता.

शेजारचे मास्तर सल्ल्याला हजर होतेच. "दुरुस्ती प्रसिद्ध करा," ते म्हणाले. मलाही ते पटलं, कारण मला असलंच काहीतरी पटतं. रविवारी उपासनेच्या आधी मी काचेवर बाहेरून कागद लावला : 'दुरुस्तीपत्रक. दप्तरवाटप यादीतील अनुक्रमांक ७ समोरील "वडील घर सोडून गेले" हा शेरा नजरचुकीने प्रसिद्ध झाला असून तो रद्द समजावा. संबंधितांस झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहोत.' खाली सही आणि तारीख.

उपासनेला दीडशे माणूस येतं. दीडशेच्या दीडशे जणांनी ते वाचलं. ऑर्गनवाल्या बाईंनी जिन्यावरूनच मला विचारलं, "रद्द म्हणजे? परत आले का तिचे यजमान?" क्रमांक तीनचे वडील तणतणत आले, "सातचा शेरा रद्द, मग माझा का नाही? मी काय पाप केलंय? आठ दिवस झाले, थेंब घेतला नाही!" त्यांच्यामागून एक आजी, यादीत त्यांच्या नातवाचं नावच नव्हतं. "आमच्या घरात काय सुखं नांदतात होय? आम्हाला एकसुद्धा शेरा दिला नाही!" दातांचे डॉक्टर लांब उभं राहून बघत होते. त्यांचे स्वतःचे दात फार चांगले आहेत, त्या दिवशी सगळे दिसले.

सोमवारी सकाळी मी छत्रीच्या दांड्यानं फळ्याची काच फोडली. यादी काढली, दुरुस्ती काढली, डोंगर काढला, सगळ्याचे बारीक बारीक तुकडे केले. अंगठा कापला. वर कमिटीनं मला पत्र पाठवलं, की चर्चच्या मालमत्तेची हानी का केली याचा सात दिवसांत खुलासा करावा. पत्राला जावक क्रमांक होता. ही पद्धत त्यांना मीच लावून दिली होती.

बायको दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नव्हती. बुधवारी तिनं माझ्या अंगठ्याची पट्टी बदलली आणि म्हणाली, "आज जा. कागद घेऊन जाऊ नका. खिशातलं पेनसुद्धा इथं ठेवा." मी पेन ठेवलं. पण वाटेत माझ्या सुपीक डोक्यात आलं की रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून चर्चमधून एक दप्तर उचललं. लाल, चांगलं, तीन कप्प्यांचं.

शिंपीणबाई मशीनवर होत्या. मी दाराशी उभा राहिलो. "ताई," म्हणालो, तर त्यांनी पायडल मारलं. खडखडखडखड. शिवण संपली. मी पुन्हा "ताई, माझी फार मोठी..." म्हणालो, पुन्हा खडखडखडखड. असं पाच-सहा वेळा झालं. एका पायजम्याचे दोन्ही पाय शिवून झाले तोवर मी माफीच्या निम्म्यावरही पोचलो नव्हतो. शेवटी त्यांनी दोरा दातानं तोडला आणि दप्तराकडे बघितलं. "हे सात नंबरचं का?"

मी ते पाठीमागं लपवलं. या वयात, एवढा मोठा माणूस, लाल दप्तर पाठीमागं लपवून उभा. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"चार दिवस झाले," त्या म्हणाल्या, "पोरगी वडिलांचं नाव काढत नाही. विचारतसुद्धा नाही मला काही. किती भरवसा होता तिचा. जहाज आत्ता कुठं असेल, तिथं पाऊस असेल का, सारखं विचारायची. तुम्ही ते सगळं काढून घेतलंत तिच्याकडून." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पुढचं कापड घेतलं. मी "माझं चुकलं" म्हणालो. ते मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.

कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापाशी पोचलो तेवढ्यात मागून हाक आली. "काका! छत्री विसरलात." मोजपट्टी धापा टाकत आली होती. छत्री दिली, पण गेली नाही. दुकानदार चाकात हवा भरत होता, त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"आई रडते," ती म्हणाली.

"माझ्यामुळं रडते बाळ."

"तिला वाटतं, मला तुमची यादी वाचून कळलं."

"मग?"

"मला माहीत होतं. दुसरीत होते तेव्हापासून." तिनं मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळलं. "बाबांचं पत्र यायचं ना एक तारखेला, ते आईच लिहायची. कागदाला निळा खडू लागलेला असायचा, कापडावर खुणा करायचा. जहाजावर कशाला असेल तो?"

मी कट्ट्यावर बसलो. "मग तू कधी बोलली नाहीस?"

"कशाला? छान असायची पत्रं. डॉल्फिनचं एक होतं. एक वादळाचं होतं, त्यात स्वयंपाक्याची टोपी उडाली. आई आधी वाचनालयातून पुस्तकं आणायची, समुद्राची. मी विचारायचे जहाज कुठं आहे, मग ती त्यावर लिहायची." तिनं बोटावरची पट्टी सोडवली. "परवा एक तारीख होती. आलंच नाही पत्र. आता नाही येणार ना."

पण खरं सांगतो, त्याच वेळी मनात कुठंतरी मला हायसंही वाटलं. पोरीला आधीच माहीत होतं! म्हणजे मी तिला काही दुःख दिलेलं नाही. आईला एवढं सांगितलं की झालं. मी उठलो आणि मागं वळलोसुद्धा.

तिनं माझी बाही धरली. "आईला सांगायचं नाही."

"अगं, पण तिला वाटतंय की माझ्यामुळं तुला..."

"वाटू दे. मला माहीत होतं हे तिला कळलं, तर तिला वाटेल आपण इतकी वर्षं उगीच लिहीत बसलो. तिला लाज वाटेल." मग तिनं मला खालून वरपर्यंत बघितलं, रांगेत कुठं उभं करायचं ते ठरवताना बघते तसं. "तुमचं काय, तुम्हाला तर सगळे रागावलेलेच आहेत."

"बरं," मी म्हणालो.

"शप्पथ?"

मी शपथ घेतली. ती पळत घरी गेली. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज इथं सांगतोय ते मनात मावेना म्हणून.

पुढं अकरा दप्तरं मिळाली आणि एकतिसांना एकतीस वाटली, यादीशिवाय. पाळकसाहेबांनी फॉर्म माझ्यासमोर जाळले. चिटणिसांनी फळ्याला नवी काच बसवून घेतली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. मला शनिवारी फक्त सरबत ढवळायचं काम उरलं आणि ते मी मुकाट्यानं करतो. मुलं सहा आठवडे कमी होती, मग एकेक करून आली. मोजपट्टी येत नव्हती.

सातव्या शनिवारी ती आली, आईचा हात धरून. फाटकात सगळेच होतो. पाळकसाहेब, ऑर्गनवाल्या बाई, दातांचे डॉक्टर, आमची बायको. शिंपीणबाई थेट माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "हट्ट धरून बसलीये म्हणून पाठवते. तुमच्यासाठी नाही," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी हिला चार वर्षं कळू दिलं नव्हतं. तुमच्या कागदानं कळलं हिला."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटत असावं की आता तरी हे काहीतरी बोलतील, झालं ते झालं म्हणतील, किती वेळा माफी मागितली ते सांगतील. मुलगी आईच्या बाजूला उभी होती आणि माझ्याकडे टक लावून बघत होती, श्वास रोखून.

"हो ताई," मी म्हणालो. "माझ्याच कागदानं कळलं."

मुलीनं आईचा हात सोडला आणि रांग लावायला आत गेली.